हक्कसोडपत्र आणि दहा वर्षांनंतरच्या तुम्ही

प्रश्न थोडक्यात असा. मोर्शी तालुक्यातल्या एका गावची 27 वर्षांची मुलगी, नोकरीला पुण्यात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. घरचं नऊ एकर वावर, त्यातल्या तीन एकरांत संत्रा. तुळशीचं लग्न लागलं की हिचं लग्न आहे, मुलगा पुण्याचाच. तीन वर्षांनी लहान असलेला भाऊ म्हणतो, लग्नाआधी हक्कसोडपत्र करून दे, म्हणजे वावरातला तुझा हिस्सा सोडल्याचा कागद. उरलेल्या वावरातही त्याला बाग लावायची आहे, कर्जाचं काम एकट्याच्या नावावर सोपं जातं, आणि नंतर जावई मध्ये आले की बोलणं अवघड होतं. हिची ना नाही. पण मावशीने बजावलं आहे, पस्तावशील. म्हणून ती विचारते: "माणूस खरंच इतका बदलतो का? बारावीतली मी आणि आताची मी, दोघींचा काही संबंध राहिलेला नाही. तेव्हा मला अमरावतीच्या पुढे एकटं जायची भीती वाटायची. पण आता मी स्वतःला ओळखते. गावाकडे मी परत जाणार नाही, शेतीत मला रस नाही आणि यात आता बदल होणार नाही."

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. लग्नाआधी सही करू नका. भावाला बागेसाठी जे हवं ते याच हंगामात देता येतं, त्यासाठी हक्कसोड करावं लागत नाही. ते कसं, ते शेवटी लिहिलं आहे. भाऊ लबाड आहे असं मला तुमच्या पत्रातून कुठेच जाणवलं नाही. मला खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य. त्याच्या वरच्या चार ओळींत तुम्हीच लिहिलंय की दहा वर्षांत तुम्ही ओळखू न येण्याइतक्या बदललात. तरी खाली ठासून सांगता की आता बदल होणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते. कॉलेज संपवून घरी बसलेला पोरगा बोलतो, साठीला टेकलेले निवृत्त मास्तरही बोलतात. मागच्या दहा वर्षांबद्दल विचारलं की मास्तर म्हणतात, "मी पहिल्यासारखा राहिलोच नाही, तेव्हा फार तापट होतो." पुढच्या दहाचं विचारलं की म्हणतात, "आता काय बदलणार? आता पक्कं झालं सगळं."

याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. जॉर्डी क्वाइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 18 ते 68 वयाच्या 19,000 हून अधिक लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2013 च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आले. काहींना विचारलं होतं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? काहींना विचारलं, येत्या दहा वर्षांत किती बदलाल? स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी, तिन्हींबाबत उत्तरं एकाच वळणाची आली. मागचा बदल मोठा, पुढचा जेमतेम. वय वाढतं तसा बदलाचा वेग कमी होतो हे खरं, पण पुढचा बदल कमी धरण्याची खोड कोणत्याच वयात सुटलेली दिसली नाही. अभ्यासकांनी तिला 'इतिहास संपल्याचा भ्रम' म्हटलं.

इथे एक रास्त शंका येते. अंदाज बरोबर असेल आणि आठवण चुकीची असेल तर? आपण पूर्वी कसे होतो हे सांगताना माणूस रंगवून सांगतो, हे काही गुपित नाही. संशोधकांनाही ही शंका आली होती. म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीची आकडेवारी घेतली. त्या पाहणीत त्याच माणसांची स्वभावचाचणी साधारण दहा वर्षांच्या अंतराने दोनदा झाली होती. तिच्याशी ताडून पाहिलं तेव्हा चूक अंदाजाच्या बाजूला निघाली. लोक खरोखरच स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त बदलले होते.

त्याच अभ्यासात पैशाचाही एक प्रश्न होता. आज तुमचा जो सर्वांत आवडता गाणाऱ्यांचा संच आहे त्याचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला किती पैसे द्याल? सरासरी उत्तर आलं 129 डॉलर. दहा वर्षांपूर्वी जो आवडता होता त्याचा कार्यक्रम या आठवड्यात असेल तर? 80 डॉलर. म्हणजे आजची आवड दहा वर्षांनीही तेवढीच राहील असं धरून लोक जास्तीचे पैसे मोजायला तयार होते. तिकिटात फसलं तर पन्नास डॉलर जातात. वावराचा हिशेब तसा नाही.

हे का होतं? एक कारण साधं आहे. मागचं आठवायला सोपं, पुढचं कल्पायला अवघड. पंधरा वर्षांनंतरची तुम्ही डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केलात की चित्र धूसर येतं, आणि मन त्या धूसरपणाचा अर्थ 'फारसं काही बदलणार नाही' असा लावतं. दुसरं कारण जरा अवघडल्यासारखं आहे. आपण आज जसे आहोत ते बऱ्यापैकी बरे आहोत असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं. हे बदलेल असं मानलं तर आजचा पायाच हलतो, आणि ते कोणाला नको असतं.

तुमच्या वयाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं तपासत गेलेल्या 92 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा. जबाबदारीची जाणीव, मनाचं स्थैर्य, स्वतःचं म्हणणं ठामपणे मांडण्याची ताकद या गोष्टी वाढत जातात, आणि त्यातली मोठी वाढ वीस ते चाळीस या वयात होते, असं त्यात दिसलं. तुम्ही 27 च्या आहात. म्हणजे मूस अजून गरम असतानाच तुम्ही ती थंड झाल्याचं सांगताय. लग्न, मूल, कदाचित नोकरीतली दोन-तीन वळणं, आईचं म्हातारपण हे सगळं पुढेच आहे.

आता इथलं बघू. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बायकांसोबत मी गेले आहे, म्हणून सांगते. टेबलावर छोटा कॅमेरा असतो, त्याच्यासमोर फोटो निघतो. मशीनवर अंगठा ठेवायचा, साक्षीदारांच्या सह्या होतात. कारकून मान वर न करता विचारतो, मान्य आहे ना? बहीण मान हलवते. काम तेवढंच. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना चहा-कचोरी खाऊ घालतो. बहिणीच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत साडी. कोणाच्या चेहऱ्यावर कसलाही ताण नसतो. जबरदस्ती झालेली असते अशा बायका वेगळ्या, त्यांची प्रकरणं वेगळी. मी बोलतेय ते राजीखुशीने सही करणाऱ्यांबद्दल, तुमच्यासारख्यांबद्दल.

यातल्या काही जणी पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे येतात, पण वावरासाठी नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, सुनेशी पटत नाही म्हणून येतात, नवरा गेल्यावर एकटं वाटतं म्हणून येतात. बोलता बोलता विषय तिकडे वळतो. पन्नाशीतल्या एकीचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे देते (धुरा म्हणजे वावराचा बांध): "तवा मले वाटे, आपल्याले काय करा लागते वावर? नवऱ्याची नौकरी व्हती, क्वार्टर व्हतं. आता माहेरी गेली का भाऊजय चांगलंच करते, मी खोटं नाई बोलणार. पन मी पाव्हनी हावो तिथची. धुऱ्यावर उभी रायली तरी वाटते, कोनी इचारीन, बाई इथं काऊन उभी?"

या बाईला पैशाची अडचण नव्हती. भावाशी भांडणही नव्हतं. पंचविशीत तिच्या लेखी वावर म्हणजे निंदण, ऊन आणि बापाचं कर्ज. पन्नाशीत तेच वावर म्हणजे न विचारता जाता येईल अशी जागा. जमीन होती तिथेच होती, बाई बदलली होती. असं काही आपल्याला हवंसं वाटेल हे पंचविशीत तिला कोणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. तुम्हीही आत्ता हसत असाल.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल आणि तुमची मावशी ते भावाला वाचून दाखवेल. हक्काला चिकटून राहिलेल्या बायकाही माझ्याकडे येतात. रागाच्या भरात दावा टाकला, वकिलाच्या चकरा सुरू झाल्या, दहा वर्षं राखी बंद. आता राग ओसरलाय, पण दावा चालूच आहे. त्यांचीही चूक तीच. आजचा राग जन्मभर पुरेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. "तोंड पायणार नाई जिंदगीभर" म्हणणारे सख्खे भाऊ पोळ्याचे दोन सण उलटल्यावर एकाच ओट्यावर बसलेले मी पाहिले आहेत, आणि मधल्या काळात धुऱ्याच्या मोजणीवर दोघांचेही पैसे गेलेले असतात. भावना किती दिवस टिकेल याचा अंदाज माणूस नेहमी वाढवून सांगतो. गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून हे तपासलं होतं. कायम नेमणूक मिळाली नाही तर पुढची कित्येक वर्षं आपण दुःखी राहू, असा तरुण प्राध्यापकांचा अंदाज होता. ज्यांना ती खरोखरच नाकारली गेली होती ते काही वर्षांनी, नेमणूक मिळालेल्यांइतकेच बरे होते.

म्हणून मावशीचं "पस्तावशील" हेही मी जसंच्या तसं घेत नाही. तुम्ही पस्तावाल की नाही हे मावशीला माहीत नाही, मला नाही, आणि मुद्दा असा की तुम्हालाही नाही. असं असताना ज्या कागदावरून माघार घेता येत नाही तो कागद आज करायचा का, एवढाच प्रश्न उरतो.

वेळेचंही बघा. लग्न ठरलंय, घर सोडून जायचंय, बापामागे भावाने घर सांभाळलं याचं ओझं मनावर आहे. अशा वेळी माणूस उदार होतो. उदार होण्यात वाईट काही नाही, पण त्या मनःस्थितीत पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय होतो. डॅनियल रीड आणि बार्बरा व्हान ल्यूवेन यांनी 1998 मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या नोकरदारांना विचारलं होतं, पुढच्या आठवड्यात तुम्हाला खायला काय आणून देऊ, फळ की गोड-तळलेलं? दुपारी उशिरा, भूक लागलेली असताना विचारलं तर पुढच्या आठवड्यासाठीही गोड-तळलेलं मागणारे वाढले. जेवून आलेल्यांनी कमी मागितलं. आठवड्यानंतरच्या पोटाचाही अंदाज आजच्या पोटावरून होत असेल, तर लग्नघरातल्या मनावरून पन्नाशीचा अंदाज काय करायचा?

मग करायचं काय? खोलीचं दार लावून स्वतःला "मला काय हवंय" असं विचारत बसू नका. तिथून जुनंच उत्तर येईल. त्यापेक्षा पुढच्या मुक्कामावर पोचलेल्या बायकांना विचारा. हा सल्ला मी माझ्या अनुभवावरून देत होते, पुढे त्याला आधारही सापडला. गिल्बर्ट, विल्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा 2009 चा प्रयोग आहे. एका तरुणाशी पाच मिनिटं बोलणं आपल्याला किती आवडेल याचा अंदाज मुलींना करायचा होता. काहींना त्याची माहिती आणि फोटो दिला. काहींना फक्त एवढंच सांगितलं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला त्याच्याशी बोलणं किती आवडलं. दुसऱ्या गटाचे अंदाज जास्त बरोबर आले. गंमत म्हणजे, माहिती आणि फोटोच जास्त उपयोगी पडेल असं बहुतेकींचं मत होतं. आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत, त्यांचं आपल्याला लागू नाही, असं प्रत्येकीला वाटतं.

तर तुमच्या गावातून लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या, आज चाळीस-पंचेचाळीशीत असलेल्या दोन-तीन जणींना गाठा. एकीने सही केलेली असावी, एकीने न केलेली. "मी सही करू का?" असं मात्र विचारू नका. सल्ला मागितला की बायका स्वतःचं बाजूला ठेवून लोक काय म्हणतील ते सांगतात. त्यांचं आजचं विचारा. दिवाळीला कुठे जाता? गेल्यावर किती दिवस राहता? आई आजारी पडली तेव्हा कोणाकडे होती? भावाकडे काही मागायची वेळ आली का, आणि तेव्हा कसं वाटलं? यातून तुमच्या पुढच्या वर्षांबद्दल जेवढं कळेल तेवढं स्वतःच्या मनात डोकावून कळणार नाही.

आणखी एक करा. आज तुम्हाला सही का करावीशी वाटते ते एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा. मत बदललं की माणूस जुनं मतही बदलून आठवतो. ग्रेगरी मार्कस यांच्या 1986 च्या अभ्यासात लोकांना 1982 मध्ये विचारलं होतं, 1973 साली राजकारणाबद्दल तुम्ही काय मत दिलं होतं? त्यांनी आठवून सांगितलेली मतं 1973 पेक्षा 1982 च्या मतांना जास्त जवळ होती. पुढे कधी भावाबद्दल कडवटपणा आला तर "मला तेव्हाच नको वाटत होतं, त्याने गळी उतरवलं" असं तुम्हाला अगदी खरं वाटू शकेल. तो कागद त्या वेळी कामी येईल, आणि भावालाही न्याय देईल.

आता कायद्याचं. मी वकील नाही, तालुक्याला चांगला वकील गाठाच, पण एवढं माहीत असू द्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात तो आणखी स्पष्ट केला. तो सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. एकदा नोंदणी झाली की मन बदललं म्हणून तो रद्द होत नाही. फसवणूक किंवा दडपण दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठीही साधारण तीन वर्षांची मुदत असते. माणूस बदलायला दहा वर्षं घेतो, कायदा तीन देतो. दुसरं, ज्याच्याकडे शेती नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदा आहे, त्याच्या कलम 89 मध्ये ही अडवणूक आहे. चाळिशीत उठून "दोन एकर घेईन कुठेतरी" म्हणाल तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा मागतील.

भावाच्या गरजेचं. त्याला कर्ज हवंय, तर बँकेला सहहिस्सेदाराचं संमतीपत्र देता येतं. वहिवाटीसाठी आणि तलाठी-बँकेच्या कामांसाठी मर्यादित मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने ठरावीक कामं करायचा अधिकार, करून देता येतं, त्यात विक्रीचा अधिकार द्यायचा नाही, आणि ते नंतर रद्दही करता येतं. तुमच्या हिश्शाचं उत्पन्न नको असेल तर घेऊ नका, कोणी जबरदस्ती करत नाही. काही वर्षांनी, मूलबाळ झाल्यावर, तरीही द्यावंसं वाटलं तर हक्कसोड तेव्हाही करता येईल. थोडं स्वतःकडे ठेवून बाकीचं देणं हाही मार्ग आहे, फक्त तुकडेबंदीची, म्हणजे जमिनीचा किती लहान तुकडा पाडता येतो याची, मर्यादा वकिलाकडून समजून घ्या.

आणि भाऊ 24 वर्षांचा आहे हे विसरू नका. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, बाग पुढे वीस वर्षं तरी सांभाळावी लागते. आपण जन्मभर बागाईतच करणार ही खात्री त्याचीही आजचीच आहे. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात बोअर आटल्यावर उभ्या बागा तोडल्या गेल्या, हे त्याने पाहिलेलं आहे. उद्या त्यालाच वावर विकून अमरावतीला दुकान टाकावंसं वाटलं तर? तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल तर त्याला किमान तुमच्याशी बोलावं लागेल, आणि ते त्याच्याही भल्याचं ठरू शकतं.

शेवटी, आईबद्दल तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. वडिलांच्या मागे तिचाही हिस्सा आहे. तिच्याकडूनही सही घ्यायचं ठरलंय का? ठरलं असेल तर तुमच्या आधी तिचं थांबवा. तुमच्याकडे नोकरी आहे, तिच्याकडे वावराशिवाय काही नाही. या आठवड्यात सातबारा काढून बघा, वारस म्हणून तुम्हा तिघांची नावं फेरफाराने चढली आहेत की नाही. चढली नसतील तर आधी ते काम तलाठ्याकडे करून घ्या. भावाला संमतीपत्रावर कर्ज मिळवायचं असेल तरी बँक पहिल्यांदा तेच विचारेल.